कटावरचे भेरूजी

सून स्कूटर बाहेर काढते तसा मी ओट्यावर येऊन उभा राहतो. नात पुढे उभी, तिचं दप्तर हँडलला, सुनेची पिशवी पायाशी. दोघी एकाच शाळेत जातात, एक शिकायला, एक शिकवायला. शाळा आमच्या ओट्यावरून दिसते. पण मध्ये रस्ता आहे, आणि त्या रस्त्यानं आमच्या वस्तीतली इतकी माणसं खाल्ली आहेत की आता कोणी मोजत नाही.

लोक म्हणतात म्हातारपणी माणूस भित्रा होतो. माझं तसं झालं नाही. म्हातारा झाल्यावरही मी अंधारात सायकल घेऊन फिरायचो, कुत्र्याला भ्यायचो नाही की दारुड्याला. बायको गेली त्या दिवसापासून भीती घरात येऊन बसली. आता ती सकाळी माझ्या आधी उठते.

मी चौथीपर्यंत शिकलो. आजोबा राजाच्या पागेत होते, त्यांच्या घोड्यांच्या गोष्टी घरात फार चालायच्या. पण घोडे गेले, राज्य गेलं आणि आम्ही इंदूरच्या कापडमिलमध्ये आलो. मी जन्मभर साचे, म्हणजे माग, चालवले. साच्यांनी पगार दिला आणि कान घेतले. मोठा आवाज तेवढा ऐकू येतो, बाकी समोरच्याच्या तोंडाकडे बघून समजून घेतो. मिल बंद पडल्यावर हातोद गावाच्या अलीकडे हा प्लॉट घेतला आणि दोन खोल्या बांधल्या. तेव्हा रस्ता म्हणजे डांबराची एक पट्टी होती. समोरून बैलगाडी आली तर बस खाली मातीत उतरायची.

मग रस्ता चौपदरी झाला आणि मध्ये डिव्हायडर आला. पलीकडे जायचं तर पार पुढच्या पुलाखालून वळून यायचं. शाळा समोर दिसतेय, चक्की समोर दिसतेय, आणि जायचं पुलापर्यंत, कोण जाणार? कोणीतरी जेसीबी लावून डिव्हायडर फोडला. सगळे खूश. मीपण खूश. त्या भोकाला आम्ही कट म्हणतो. अलीकडच्या पट्ट्यावर इंदूरकडनं गाड्या येतात, त्या तरी दिसतात. कटात जाऊन उभं राहिलं की पुढचा पट्टा, त्यावर डाव्या हातानं देपालपूरकडनं येतात. ते वाईट. गहू, लसूण, बटाटे भरलेले ट्रक, गिट्टीचे डंपर. मंडीत लवकर नंबर लागावा म्हणून पळवतात.

आधी एक दूधवाला गेला. मग मोटरसायकलवरचे नवरा-बायको, लग्नाला निघालेले. मग शाळेतली आया. पलीकडे कटासमोरच चहाची गुमटी, म्हणजे टपरी आहे. गुमटीवाला भिया, म्हणजे सगळ्यांचा भाऊ, माझ्या मुलापेक्षा थोडा मोठा असेल, मला काकासाब म्हणतो. हे सगळं त्यानं समोरून बघितलं, दरवेळी अंगावर चादर त्यानंच टाकली. तो म्हणायला लागला की ही जागाच भुकेली आहे. जवळच्या शेताच्या बांधावर भेरूजींचा एक जुना दगड होता. तो त्यानं आणि वस्तीतल्या चार जणांनी वाजतगाजत आणला आणि कटाच्या तोंडाशी, डिव्हायडरवरच बसवला. आमच्या मालव्यात भेरूजी म्हणजे राखणदार. शिवेवर, विहिरीवर, घाटात, जिथे जीव घाबरतो तिथे भेरूजी असतात. तेव्हा कोणाला काही चुकीचं वाटलं नाही. मला तर त्या दिवशी झोप चांगली लागली.

मग भेरूजी वाढत गेले. आधी नुसता शेंदूर लावलेला दगड होता. मग ओटा झाला. ऊन लागतं म्हणून वर पत्रा आला. कुत्रे नासधूस करतात म्हणून तिन्ही बाजूंनी जाळी आली. नवस फेडणाऱ्यांनी जाळीला लाल कपडे बांधले, नारळ टांगले. एका ट्रकवाल्यानं टाइल्स लावून दिल्या, दुसऱ्यानं दोन झेंडे. जाणारे ट्रकवाले हॉर्न देतात, कोणी नाणं फेकतो, कोणी जरा हळू करतो. काही महिने कोणी गेलं नाही. वस्तीत सगळे म्हणायला लागले की जागा शांत झाली.

बायकोचा भेरूजींवर फार जीव. दर शनिवारी तेलाची वाटी घेऊन जायची. तेल घालायची, अगरबत्ती लावायची आणि प्रदक्षिणा घालायची. मी म्हणायचो, तुझा देव रस्त्यात बसलाय, तू कशाला रस्त्यात जातेस? ती म्हणायची, तुम्ही तुमचा चहा प्या. आमचं सगळं आयुष्य असंच बोलण्यात गेलं.

त्या शनिवारी मी आत दाढी करत होतो. मला काही ऐकू आलं नाही. ब्रेक लागले असतील, लोक ओरडले असतील, मला काही नाही. शेजारीण दारात येऊन उभी राहिली आणि तिचं तोंड हललं, आणि मी म्हटलं, काय? तिनं पुन्हा सांगितलं, मी पुन्हा म्हटलं, काय? तिसऱ्यांदा तिनं सांगितलंच नाही, माझा हात धरून ओढत नेलं. अर्धी दाढी साबणाची होती. चादर गुमटीवाल्याचीच होती.

ट्रकचा ड्रायव्हर पळाला नव्हता. रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून एकच वाक्य म्हणत होता, अम्मा एकदम सामने आ गईं. मी त्याच्या कानफटात मारली. खोटं बोलतोय असं वाटलं. एवढा सरळ रस्ता, दिवसाढवळ्या, आणि माणूस दिसत नाही? पोलिसांनी त्याला नेलं. वस्तीतले म्हणाले, काकूंना भेरूजींनी बोलावून घेतलं, शनिवारचा दिवस, त्यांच्या पायाशी गेल्या. मला समजावण्यासाठीच म्हणाले असतील. पण मी त्यानंतर भेरूजींकडे बघितलं की मला थंडी वाजायची. तिला बोलावलं, आता कोणाला बोलावतील?

म्हणून मी ओट्यावर उभा राहायला लागलो. मुलगा पहाटेच कंपनीच्या बसनं कारखान्यात जातो, त्याला हे दिसत नाही. मला रोज दिसायचं. सून कटात स्कूटर थांबवायची, पाय टेकायची, आणि मान वाकडी करून थोडा वेळ तशीच राहायची, कोंबडी दाणे बघते तशी. मग एकदम निघून जायची. मला वाटायचं भेरूजींना नमस्कार करत असेल. एका रविवारी ती मेथी निवडत होती, मी समोर बसलो होतो. सहज विचारलं की अगं, रोज मान वाकडी करून काय मागतेस त्यांच्याकडे.

ती हसली नाही. माझ्या तोंडासमोर तोंड आणून, मला कळावं म्हणून हळूहळू म्हणाली, "बाबा, तिथून काही दिसत नाही. मी आवाजावर काढते."

मी म्हटलं, मतलब? ती म्हणाली की पत्रा, जाळी, झेंडे, सगळं डाव्या हाताला मध्ये येतं. स्कूटरचं चाक रस्त्यावर घातल्याशिवाय देपालपूरकडचं काही दिसत नाही. म्हणून कान लावायचा, इंजिनचा आवाज नसला की निघायचं. सगळेच असं करतात. नात बडबड करत असली तर तिला गप्प बसवते. आणि तेवढ्यात अलीकडच्या पट्ट्यावर बस असली तर काही कळत नाही, मग देवाचं नाव घ्यायचं.

मेथीची काडी माझ्या हातात तशीच राहिली. माझी नात रोज सकाळी अशा माणसासारखी रस्ता ओलांडत होती, ज्याचे डोळे बांधलेत.

दुसऱ्या दिवशी मी सुनेला म्हटलं, मला मागे बसव. कटात थांबलो. तिनं उतरून नातीला कडेवर घेतलं, मी पुढे सरकून तिच्या जागेवर बसलो आणि डावीकडे बघितलं. शेंदूर, पत्रा, लाल कपडे, टाइल्सची कड. बस. रस्ता नव्हताच. मला तर आवाजही नव्हता. मी तसाच बसून राहिलो आणि एक डंपर माझ्यासमोरून गेला, आला कुठून ते दिसलं नाही, एकदम समोर भिंत उभी राहावी तसा आला आणि गेला. स्कूटर हलली. सुनेनं माझा खांदा घट्ट धरला होता.

खाली उतरून मी भेरूजींच्या ओट्याच्या मागे गेलो. ओट्याची मागची कड आणि डांबर यांत एक पाऊल मावेल एवढीसुद्धा जागा नव्हती. प्रदक्षिणा घालायची तर मागच्या बाजूला माणूस रस्त्यावर उतरतोच. दुसरा इलाज नाही. ती दर शनिवारी उतरत होती. पत्र्याच्या आडून, तेलाची वाटी हातात धरून, हात जोडून. ड्रायव्हर खरं बोलत होता. ती एकदम समोर आली होती.

त्याच महिन्यात रस्त्याच्या खात्याचे लोक आले. तिपाई लावून मोजमाप करत होते. त्यांच्यातला इंजिनियर पोरगेलासा होता, मला दादाजी म्हणाला, गुमटीवर चहा पाजला. मी विचारलं, कट बंद करणार का. तो म्हणाला, बंद केला तर सगळे उलट्या बाजूनं गाड्या घालतील, मग अजून मरतील. कट राहील, पण आधी दोन्हीकडे डांबराच्या पट्ट्या, स्पीडब्रेकर, पिवळा लुकलुकणारा दिवा. कटात उभ्या असलेल्या माणसाला लांबपर्यंत रस्ता दिसला पाहिजे. मग त्यानं भेरूजींकडे बघितलं आणि माझ्याजवळ वाकला. म्हणाला, ते हटले नाहीत तर बाकीचं करून फायदा नाही, आणि आम्ही हात लावणार नाही, तुम्ही लोक ठरवा. चांगला पोरगा होता. पण घाबरलेला होता.

मी गुमटीवर विषय काढला. मला गोड बोलता येत नाही, मी सरळ सांगितलं की भेरूजींना बांधाजवळच्या निंबाखाली न्या, नाहीतर अजून माणसं जातील. मग एक जण म्हणाला की काकासाबचं डोकं फिरलं, काकी गेल्या म्हणून देवावर राग काढताहेत. दुसरा म्हणाला, त्यांना ऐकू येत नाही तेवढं बरं, भेरूजींनी काही सांगितलं तरी कळायचं नाही. हसले. मी त्यांच्या तोंडाकडेच बघत होतो.

गुमटीवाला हसला नाही. त्यानं ग्लास धुता धुता मला सांगितलं की ट्रकवाले हळू करतात ते फक्त भेरूजींसाठी. भेरूजी हलले की ते मोकाट सुटतील. आणि ज्या दिवशी हलतील त्याच दिवशी जागेला भूक लागेल. मग म्हणाला, "काकासाब, चादर मैं डालता हूं. आप नहीं डालते."

तोही माझ्यासारखाच भ्यालेला होता. फक्त त्याची भीती एकीकडे तोंड करून होती आणि माझी दुसरीकडे.

शेवटी ठरलं की पाती मागायची. भेरूजींच्या छातीवर शेंदरात फूल चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. फूल उजवीकडे पडलं तर हो, डावीकडे पडलं तर नाही. पडलंच नाही तर देव बोलत नाही. हे काम गावातला म्हातारा भोपा करतो, शिवेवरच्या सगळ्या भेरूजींची पूजा त्याच्याकडे. अमावस्येच्या सकाळी तो आला. वस्ती जमली. भोप्यानं ताजा शेंदूर तेलात कालवून लावला, वर झेंडूचं फूल चिकटवलं आणि विचारायला मला पुढे केलं, कारण शेवटचं माणूस माझ्या घरचं गेलं होतं.

माझे हात जोडले जात नव्हते. मी म्हटलं, "तिला घेतलं, घेतलं. या दोघींना सोडा. जरा बाजूला सरका."

फूल हललं नाही. अगरबत्ती संपली, दुसरी लावली, तीही संपली. ट्रक जात होते, झेंडे फडफडत होते, फूल तसंच. भोप्यानं माझ्याकडे बघून हात हलवला. आज नी बोले, म्हणाला. पुढच्या अमावस्येला विचारू.

म्हणजे अजून एक महिना. त्या दिवसापासून मी घरचा ओटा सोडला आणि कटातच जाऊन उभा राहायला लागलो. मिलमधला जुना लाल गमछा होता, तो घेऊन. सून आली की मी पुढच्या पट्ट्याच्या कडेला जायचो, देपालपूरकडे बघायचो, रिकामं असलं की गमछा हलवायचो. मला वाटलं, ऐकू येत नाही पण डोळे तर आहेत. सून रोज भांडायची. म्हणायची की बाबा, तुम्ही तिथे असलात की माझं लक्ष तुमच्यात राहतं, पाठीमागनं हॉर्न दिला तर तुम्हाला कळणार आहे का? मी म्हणायचो, तुम्ही दोघी तुमची शाळा बघा. मुलगाही रागावला. मी कोणाचं ऐकलं नाही.

एका सकाळी धुकं होतं. लांब दोन बत्त्या दिसत होत्या, खूप लांब. मी गमछा हलवला. सून निघाली आणि तेवढ्यात मला तिच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं. ती माझ्या मागे बघत होती. तिनं स्कूटर मध्येच थांबवली आणि ओरडली, म्हणजे तोंड उघडलेलं दिसलं. बत्त्या लांबच होत्या. पण त्या ट्रकच्या पुढे एक डंपर बिनबत्तीचा येत होता, धुक्याच्याच रंगाचा. मला तो पायाखालच्या डांबरातून कळला. मग ब्रेकचा आवाज आला, तो मलाही आला.

डंपर थांबला तेव्हा त्याचा बंपर नातीच्या दप्तरापासून हातभर लांब होता. गरम हवा तोंडावर येत होती. नात रडत नव्हती. तिचे डोळे एवढे मोठे झाले होते की मला ते बघवेनात. सून माझ्यावर ओरडत होती, रडत होती, मला एकही शब्द कळत नव्हता आणि मी विचारतही नव्हतो.

मी गुमटीकडे बघितलं. गुमटीवाला बाहेर आला होता. त्याच्या हातात चादर होती. घडी उलगडलेली. त्याला स्वतःलाही माहीत नसावं की त्यानं ती कधी उचलली. त्यानं चादरीकडे बघितलं, मग नातीकडे, आणि तिथेच गुमटीच्या फळीवर बसला.

त्या दिवशी त्यानं दुपारीच गुमटी बंद केली आणि भोप्याच्या गावी गेला. काय बोलला मला माहीत नाही. अमावस्या यायची होती, पण भोपा शनिवारीच आला. या वेळी त्यानं शेंदूर कालवला नाही. जुन्या वाळलेल्या शेंदरावर चांदीचा वर्ख लावला आणि त्यावर फूल ठेवलं, नुसतं टेकवलं. मी जवळ होतो, मला दिसलं. गुमटीवाल्यानंच विचारलं. त्याचं बोलणं संपायच्या आत फूल उजवीकडे पडलं. बायकांनी हात जोडले. मी भोप्याकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे बघितलं.

ढोल लावून भेरूजींना निंबाखाली नेलं. तिथे चारी बाजूंनी मोकळी जमीन आहे. सुनेनं तेल घातलं. मी लांबूनच नमस्कार केला. पत्रा, जाळी, टाइल्स सगळं काढलं तेव्हा कळलं की डिव्हायडर किती बुटका आहे. एवढा मोठा रस्ता लपलेला होता त्या सगळ्यामागे.

पण खरी भीती त्यानंतर आली. भेरूजी गेले आणि स्पीडब्रेकर आले नाहीत. गुमटीवाला म्हणाला होता तसंच झालं, ट्रकवाल्यांना थांबायला काही राहिलं नाही, हॉर्नसुद्धा देईनात. सुनेकडून इंजिनियरला फोन केला की त्याचा निरोप यायचा, मशीन दूसरी साइट पे है दादाजी, बस आ ही रही है. गुमटीवाला माझ्याशी बोलत नव्हता, चहा ठेवून जायचा. वस्तीत माझ्याकडे बघून बायका पोरांना आत घ्यायच्या. त्या दिवसांत कोणी गेलं असतं तर मी त्या वस्तीत राहू शकलो नसतो. मुलानं त्या दिवसांत नातीला शाळेत पाठवलं नाही. सून पुलाखालून वळून जायची. मी रोज निंबाखाली जाऊन उभा राहायचो. काही मागायचो नाही, भीतीच वाटायची मागायची.

मग एका दुपारी मशीन आली. गरम डांबराचा वास सगळ्या घरात भरला. देपालपूरकडच्या बाजूला आधी बारीक पट्ट्या, मग मोठा स्पीडब्रेकर, पांढरा रंग, खांबावर पिवळा दिवा. संध्याकाळी पहिला ट्रक त्या पट्ट्यांवरून गेला तेव्हा माझ्या ओट्याची फरशी पायाला कळण्याइतकी हलली. हळू झाला. पण सगळे होत नाहीत. रिकामे डंपर तसेच उडवतात, मी बघतो.

दुसऱ्या दिवशी सुनेनं स्कूटर काढली, नात पुढे. सुनेनं मला शपथ घातली होती की ओट्याखाली उतरायचं नाही. मी उतरलो नाही. ती कटात थांबली, पाय टेकले. मान वाकडी केली नाही, डावीकडे सरळ बघितलं. एक ट्रक गेला. एक ट्रॉली गेली, लसणाची. मागून मोटरसायकलवाला हॉर्न देत असावा, कारण तो हात उडवत होता. ती हलली नाही. लांबून अजून एक येत होता, मला ओट्यावरूनही दिसत होता, आणि तिलाही दिसत होता. तो जाईपर्यंत ती थांबली. मग आरामात गेली, शाळेच्या फाटकात वळली, दिसेनाशी झाली.

मी ओट्याचा खांब धरून उभाच होतो. परत यायचं अजून बाकी होतं.